दोबेकच्या छातीवरची ढाल

चर्चमध्ये ढाल फिरवली गेली तेव्हा बायका हुंदके देऊन रडल्या आणि बिशपचाही आवाज फाटला. दाराशी तीन घोड्यांचे लगाम धरून उभा असलेला मोतद्दार टाचा उंचावून पाहत होता. एवढा मान, त्याला वाटलं. मेल्यावर एवढा मान.

*

रक्त गोठू द्यायचं नसेल तर त्यात व्हिनेगर ओतून ढवळत राहावं लागतं. हंस अजून पाय झाडत असतो तेव्हाच सुरुवात करावी.

*

क्रुसावर दोन बोटं. ‘हा आमच्या रक्ताचा, आमच्या हाडाचा, आमच्या ढालीखालचा.’ बदल्यात बूट. वासराच्या कातड्याचे, कोरे करकरीत.

*

प्रशियाच्या लढाईला तारनावाहून दोघे गेले होते, धनी आणि त्याचा घोडा राखणारा. परत एकच आला.

*

मेलेल्या म्हाताऱ्याच्या दातांत मेंढीची लोकर अडकली होती.

सहातले पाच

यारांद आपली दोन माणसं घेऊन तारनावाला आला तो साक्षीदार शुद्धीवर आहेत की नाही ते पाहायला. तो जमिनीच्या कचेरीतला दुय्यम न्यायाधीश. आयुष्यभर शपथा ऐकून ऐकून त्याची अशी गत झाली होती, की कोणी क्रुसाकडे हात नेला की याच्या तोंडाला आंबट पाणी सुटे. संत मार्टिनचा सण नुकताच झालेला. नदीला पाणी चढलेलं, तो अलीकडच्या काठावरच्या एका दाव्याहून आला तोवर पूल बुडालेला, आणि अंगणात चिखलात हंसांची तोडलेली डोकी पडलेली. कोणी उचलायचीही तसदी घेतली नव्हती. त्यांच्यातून वाट काढत तो दाराशी पोचला, तर घरधनीण स्ताखना उंबऱ्यात उभी. हात कोपरापर्यंत पिठाने भरलेले.

“उशीर केलात, यारांदभाऊ,” ती म्हणाली. “साक्षीदार पाचच उरलेत.”

सगळे उमराव एकमेकांना भाऊ म्हणत. यारांदला त्याचीही शिसारी होती.

दुसऱ्या दिवशी कचेरीत स्ताखनाच्या मुलाचा, बोगुशचा, निकाल होता. शेजारच्या वार्शने तक्रार केली होती की बोगुश उमराव नाहीच, कुठून तरी आणलेलं पोर आहे. असा आरोप झाला की सहा जण उभे करावे लागत: दोन बापाच्या कुळातले, दोन आईच्या, दोन आजीच्या. सहाही जन्माने उमराव हवेत आणि सहांनी शपथेवर सांगायला हवं की हा आमचा. एक कमी पडला तर बोगुशचं नाव गेलं, जमीन गेली. परवापासून दुसऱ्याच्या शेतात नांगर धरायचा.

“कोण गेला?”

“दोबेककाका,” स्ताखना म्हणाली. “जायचंच होतं तर परवा जायचं होतं मेल्याने.”

शिळा वास

चुलीमागच्या उबदार खोलीत म्हातारा उताणा पडला होता. खोलीला घामाचा, आंबलेल्या बिअरचा आणि हंसाच्या रक्ताच्या साराचा वास येत होता. ते काळं सार कोपऱ्यातल्या वाडग्यात साय धरून बसलं होतं. यारांदने बाहीने नाक दाबलं.

दोबेक म्हणजे तारनावाच्या झिमोरोद कुळाचा कर्ता पुरुष. ज्यांच्या ढालीवर खंड्या पक्षी, ते झिमोरोद. सत्तरी ओलांडलेला, पोटाचा नगारा झालेला, गेली कित्येक वर्षं या घरात बसून खाणारा. यारांदने त्याचे ओठ उघडले. पिवळ्या खुंटांमध्ये लोकर. पांघरायचं मेंढीचं कातडं भिंतीशी नीट घडी करून ठेवलेलं.

“त्याच्याच पांघरुणाने तोंड दाबलंय,” तो म्हणाला.

स्ताखना दार लोटून आत आली. आवाज उतरवून म्हणाली, “अजून एक आहे. मी कोणाला बोलले नाही. मी आत आले तेव्हा आपली ढाल याच्या छातीवर होती. उलटी.”

“उलटी म्हणजे?”

“खंड्याची चोच खाली, ढालीचं टोक याच्या गळ्याकडे. आपल्यात ती कधी तशी ठेवतात, तुम्हाला सांगायला नको. घरातला शेवटचा पुरुष मेला, मागे कोणी नाही, की मगच. माझा पोरगा अजून जिवंत आहे, यारांदभाऊ! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी ती उचलून सरळ केली आणि खुंटीला टांगली.”

“हे खरं कशावरून?”

“खोटं बोलायचं असतं तर बरं काहीतरी बोलले नसते?”

यारांद वाकला. मेलेल्याचा सदरा गळ्याशी अजून दमट होता, आणि दमट कापडावर लोखंडी काठाचा गंज उमटला होता. टोकाचा डाग हनुवटीखाली. बाई खरं बोलत होती.

पण सदरा दमट का? त्याने चेहऱ्याकडे पाहिलं. जन्मभर ज्या मिशांना काही ना काही चिकटलेलं असायचं त्या स्वच्छ धुतलेल्या. केस विंचरलेले. खुंटीवरची ढाल त्याने हातात घेतली. वर्षानुवर्षांची काजळी पुसून काढलेली, खंड्याचा निळा रंग उजळलेला.

“हे तुम्ही केलंत?”

“मी? त्याचं तोंड धुवायला मी त्याची कोण?” स्ताखना म्हणाली, आणि मग तिचा चेहरा उतरला. “म्हणजे ज्याने मारलं, त्यानेच...”

वंशवेल, फांदीकडून मुळाकडे

बोगुश: एकोणीस वर्षांचा. दोन बैल, एक घोडा. तो घोडाही लंगडा.

बोगुशचा बाप: जंगल विकलं. दारूच्या पिंपाशी बसून मेला, सरळ ढालीखाली पुरला गेला.

बापाचा चुलतभाऊ दोबेक: विकायला काही उरलं नव्हतं, म्हणून रक्त विकलं. ज्याला उमराव व्हायचं असेल त्याने यावं, खायला घालावं, बूट-कातडी-मीठ काय असेल ते द्यावं. दोबेक कचेरीत जाऊन दोन बोटं क्रुसावर ठेवी. तीन शेतकरी, एक कातडीवाला आणि एक मोतद्दार त्याने अशा रीतीने आपल्या कुळात आणले. प्रत्येकाच्या वेळी दुसरा साक्षीदार म्हणून बोगुशचा बाप असे, निम्म्या वाट्यावर.

आजोबा: गिरणी राखली, तीन गावं घालवली. एकाच रात्रीच्या फाशांवर, असं म्हणतात.

पणजोबा: कर्ज काढून रेशीम नेसला.

खापरपणजोबा: किल्लेदार. सात गावं, दगडी बुरूज. त्या बुरुजाचे दगड आता वार्शच्या डुकरांच्या आवाराला लावलेले आहेत.

हे सगळं यारांदला सांगितलं ते फादर स्त्राशने, बोगुशच्या बापाच्या धाकट्या भावाने, जो गावचा धर्मगुरू होता आणि उद्याचा दुसरा साक्षीदारही. सांगताना त्याने एकदाही वर पाहिलं नाही.

आधी ढाल ठेवा

रात्री घरात कोण कोण होतं? स्ताखना, बोगुश, फादर. आईकडचे आणि आजीकडचे चार साक्षीदार, जे गोठ्यात एकमेकांवर पाय टाकून घोरत होते. एक उठला असता तर चौघे जागे झाले असते. ते सुटले. वार्श, जो संध्याकाळी दारू पिऊन अंगणात शिव्या द्यायला आला आणि पूल बुडाल्यामुळे गवताच्या कोठारात अडकला. आणि क्लेमेन्स, मेजवानीचे हंस आणि मधाची दारू घेऊन आलेला श्रीमंत कुळबंधू.

यारांदने सुताराकडून शवपेटी गाडीखान्यात आणवली. झाकण बाकावर ठेवलं, ढाल भिंतीला आडवी टेकवली, आणि एकेकाला बोलावलं. प्रत्येकाला पहिलं वाक्य तेच.

“आधी ती ढाल झाकणावर ठेवा. तुमच्यात ठेवतात तशी. मग बोलू.”

वार्श खो-खो हसला. “माझ्यात? मी झिमोरोद नाही हो, देव पावला.” पण त्याने ढाल उचलली आणि चोच वर करून ठेवली. “उलटी करायला हवी खरं तर. संपलेच आहेत ते.”

“तुम्ही मारलंत?”

“त्याला? अहो, मी त्याला उद्यापर्यंत तळहातावर जपला असता! उद्या मी बोगुशला हात लावणारच नव्हतो. मी आधी म्हाताऱ्याला विचारणार होतो, तू कोण. साक्षीदार स्वतः उमराव हवा ना? हा गिरणीवाल्याचा पोर आहे. सगळ्या गावाला ठाऊक आहे, कचेरीत बोलायची कोणाची छाती झाली नाही. मी बोलणार होतो.”

“ही धमकी कुठे दिलीत?”

“कुठे म्हणजे? इथेच, अंगणात. घसा फोडून. घरातल्या सगळ्यांनी ऐकलीय. हंसांनीसुद्धा.”

“आणि आता?”

“आता काय! मेलेल्यावर अशी फिर्याद कचेरी घेत नाही. उमराव म्हणून मेला, उमराव म्हणून कुजेल.” तो थुंकला. “आणि त्याने ज्यांना ज्यांना उमराव केलं तेही तसेच राहतील. माझ्याइतकं नुकसान कोणाचं झालेलं नाही, यारांदभाऊ.”

बोगुशने ढाल सरळ ठेवली. 

“काल काकाशी भांडलास म्हणे.”

“हो. जेवताना. म्हणाला, उद्या तुला मी बनवणार, तेव्हा आज माझे पाय धू. मी म्हटलं, तुझ्या तोंडून उमराव होण्यापेक्षा नांगर धरीन. सगळे हसले.”

“आणि पाय धुतलेस?”

पोराचे कान लाल झाले. “आईने धुतले,” तो म्हणाला.

फादर स्त्राशने ढाल सरळ ठेवली, तिच्यावर क्रुसाची खूण केली आणि तिथेच बाकावर बसला.

“वार्श म्हणतो ते खरं?” यारांदने विचारलं.

फादर नखं कुरतडू लागला. “खरा दोबेक लढाईला गेला. बरोबर गिरणीवाल्याचा मुलगा, घोडा राखायला. परत आला तो गिरणीवाल्याचा मुलगा, धन्याचा पट्टा कमरेला बांधून. दोबेकची आई फाटकाशी गेली. तिने त्याला नीट पाहिलं. तिला ठाऊक होतं. पण वारस नाही तर गावं लांबच्या भाऊबंदांना जाणार. तिने त्याला म्हटलं, ये दोबेक, जेवून घे. माझी आई तिच्या शेजारी उभी होती. तीही काही बोलली नाही. आमच्याकडे कोणीच कधी काही बोललं नाही.”

“आणि तुम्ही उद्या त्याच्या शेजारी उभं राहून शपथ घेणार होतात.”

“बोगुश खरा आहे, भाऊ. माझ्या सख्ख्या भावाचा मुलगा. त्याच्यासाठी मी सैतानाशेजारीही उभा राहीन. आता क्लेमेन्सशेजारी उभा राहणार. झिमोरोदांत जाणता पुरुष दुसरा उरलाच नाही. बाकीचे विकत घेतलेले कधीच मेले.”

“क्लेमेन्स कसा माणूस?”

“दानशूर. आमच्या कोणाच्याही मयताला मेणबत्त्या पाठवतो, उंची मेण, गाडीभर. स्वतः मात्र येत नाही. उमरावांच्या घोळक्यात लोक त्याच्याकडे वळून वळून पाहतात ना, त्याला सोसत नाही ते.”

यारांदने ढाल पुन्हा भिंतीला आडवी टेकवली आणि दार उघडून क्लेमेन्सला हाक मारली.

मान

क्लेमेन्स आला तोच डोळे पुसत. कोल्ह्याच्या कातडीचा अंगरखा, केस बाहेरच्या अंगाला, म्हणजे लांबूनही कळावं. गुलाबपाण्याचा वास त्याच्या पुढे चालत होता, आणि त्याच्या खाली घोड्याच्या पागेचा जुना, न जाणारा वास. निदान यारांदच्या नाकाला तरी तसं वाटलं.

“खर्च सगळा माझा,” तो म्हणाला. “कापड, मेण, प्रार्थना, जेवणावळ. माझ्या कुळातल्या वडीलधाऱ्याला मी भिकाऱ्यासारखा जाऊ देणार नाही.”

“फार चांगलं. आधी ती ढाल झाकणावर ठेवा. तुमच्यात ठेवतात तशी.”

क्लेमेन्सने अंगरख्याच्या बाह्या मागे सारल्या. ढाल दोन्ही हातांनी उचलली, देवाची मूर्ती उचलावी तशी. छातीशी धरली. आणि मग वाकून, डोळे मिटून, अतिशय हळुवारपणे झाकणावर ठेवली. खंड्याची चोच खाली आली. पाण्यात सूर मारल्यासारखी.

बाकावरून फादर स्त्राश ताडकन उठला. “अरे, काय केलंस हे? आमचा वंश संपवलास की काय?”

क्लेमेन्सने डोळे उघडले. एकदा ढालीकडे पाहिलं, एकदा फादरकडे, मग यारांदकडे. त्याचा हात ढालीकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला.

“फादर,” यारांद म्हणाला, “जरा बाहेर थांबा. आणि दारातून कोणाला हलू देऊ नका.”

यारांदने सांगितलं ते

“काल रात्री म्हाताऱ्याच्या छातीवर ढाल होती, उलटी. हे तिघांना माहीत आहे: स्ताखनाला, मला, आणि ज्याने ती ठेवली त्याला.

पहिल्यांदा मलाही वाटलं, अपमान केलाय. बोगुश तुमचा कोणी नाही, दोबेकबरोबर सगळं संपलं, असं कोणीतरी सांगतोय. म्हणजे वार्श. पण अपमान करणारा मेलेल्याच्या मिशा धुवत नाही. काजळी पुसत नाही. पांघरुणाची घडी घालत नाही. हे सगळं करणाऱ्याला मान द्यायचा होता. उलटी ढाल म्हणजे मान, असं ज्याला वाटतं असा माणूस मला हवा होता.

जन्माने जो उमराव आहे त्याला असं कधीच वाटणार नाही. त्याने दहा मयतं सरळ ढालीची पाहिलेली असतात. वार्शने सरळ ठेवली. पोराने सरळ ठेवली, बापाच्या वेळी पाहिलंय त्याने. फादर तर मयतांवरच जगतो. स्ताखनाने तर उलटी पाहून सरळ केली. उरलात तुम्ही. तुम्ही मेण पाठवता, येत नाही. तुम्ही जन्मात एकच ढाल पाहिलीत. कुठे?”

क्लेमेन्स गाडीच्या दांडीवर बसला. कोल्ह्याचे केस चिखलात लोळले, त्याचं त्याला भान नव्हतं.

“मी पागेत होतो तेव्हा,” तो म्हणाला. “आमचे धनी गेले. बिशप आला होता. ढाल उलटी फिरवली आणि अख्खं चर्च रडलं. मी दारातून पाहिलं. मला काय ठाऊक, ते शेवटचे होते म्हणून रडतायत! मला वाटलं, मोठ्यांचं असंच असतं.”

“म्हणून दोबेकला तसंच पाठवलंत.”

“वार्शने उद्या त्याला सोलला असता! तो गिरणीवाला ठरला की मी कोण? माझ्या दोन मुली दिल्यात उमरावांच्या घरात. जावई दुसऱ्या दिवशी त्यांना गाडीत घालून परत पाठवतील. मी त्याला म्हटलं, काका, आजारी पडा, उद्या जाऊ नका, मी बघतो पोराचं. तर हसला. म्हणाला, कातडीवाल्याने बूट दिले, तू हंस दिलेस, आता वार्शपण काहीतरी देईलच, गप्प बसायला की बोलायला ते बघू. तोंडात घास होता. तो चावत चावत बोलत होता.”

“आणि मग?”

“मग झोपला. मी शेजारी बसलो होतो.” क्लेमेन्सने तळहाताकडे पाहिलं. “फार वेळ नाही लागला. मिशांना रक्ताचं सार लागलं होतं. तसाच कसा सोडणार? धुतलं तोंड. यारांदभाऊ, बापच की तो माझा. त्याने मला जन्म दिला. कचेरीत, सगळ्यांच्या देखत.”

यारांद घाईने बाहेर गेला आणि गाडीखान्याच्या भिंतीला हात टेकून ओकला. खाली हंसांची डोकी, अर्धे डोळे उघडे. त्यांच्यावरच.

स्ताखनाची मागणी

तिने सगळं दाराआडून ऐकलं होतं. फादर स्त्राशने तिला हलू दिलं नव्हतं, पण कान झाकायला कोणी सांगितलं नव्हतं.

“उद्यापर्यंत धरू नका त्याला,” ती म्हणाली.

“बाई, काय बोलताय?”

“नीट बोलतेय. आज धरलात तर उद्या सहावा कुठून आणू? माझा पोर खरा आहे. या घरात तो आणि फादर, दोघेच खरे. त्याला खरं ठरवायला एक खुनी लागतोय, तर लागू दे. शपथ होऊ दे, मग त्याचं काय करायचं ते करा. सोला, जाळा. मी लाकडं आणून देते.”

“ज्याने तुमच्या घरात माणूस मारला, त्याचा हात...”

“मी त्या माणसाचे पाय धुतलेत,” स्ताखना म्हणाली. “मला हातांचं सांगू नका.”

 वार्शला सांगावं? वार्श नाचत सुटेल. कचेरीला आजच कळवावं? पूल बुडालेला. त्याने क्लेमेन्सला खोलीत घातलं, दाराला बाहेरून अडसर लावला आणि जेवायला नकार दिला.

वाटेत

सकाळी पाणी ओसरलं. सगळे कचेरीच्या गावाला निघाले. यारांदने आपला घोडा बोगुशच्या लंगड्या घोड्याशेजारी आणला आणि त्याला सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. गिरणीवाला, लोकर, धुतलेल्या मिशा.

पोराने लगाम आखडला.

“मी पण? मीही खोटा?”

“नाही. तू खरा आहेस.”

“मग मला तो कशाला लागतो?”

“कारण खरं असणं कचेरीला पुरत नाही. दोन माणसं लागतात, बापाच्या कुळातली. एक तुझा काका, एक तो.”

“तुम्ही सांगा ना काय करू.”

“मी नाही सांगणार. तू म्हणालास तर त्याला आत्ता दोरी लावतो आणि तू शेतकरी म्हणून घरी जातोस. परवा रात्री म्हणाला होतास ना, नांगर धरीन?”

बोगुशने मागे वळून पाहिलं. गाडीत आई बसली होती, मांडीवर त्याचा धुतलेला, इस्त्रीच्या दगडाने चोळलेला सदरा. तिच्या पुढे क्लेमेन्स, कोल्ह्याच्या कातडीत, दोन्ही बाजूंना यारांदची माणसं, पाहुण्यासारखा.

“ते जेवताना म्हणालो होतो,” बोगुश म्हणाला. आणि थोड्या वेळाने, “आधी शपथ होऊ दे.”

यारांदने घोडा पुढे काढला. त्याला पोराच्या शेजारी चालवेना.

रक्त, हाड, ढाल

कचेरी भरली होती सरायीच्या मोठ्या दालनात. ओल्या लोकरीचा, कांद्याचा, माणसांचा वास. आईकडचे दोघे बोलले. आजीकडचे दोघे बोलले. त्यातला एक अजून प्यालेला होता, त्याला शेजाऱ्याने कोपराने ढोसलं. फादर स्त्राशने डोळे मिटून शपथ घेतली.

मग क्लेमेन्स पुढे आला. यारांदने अंगरख्याच्या आत मुठी आवळल्या. क्लेमेन्सने क्रुसावर दोन बोटं ठेवली. आवाज जराही हलला नाही.

“हा आमच्या रक्ताचा, आमच्या हाडाचा, आमच्या ढालीखालचा.”

आणि रीतीप्रमाणे त्याने बोगुशच्या दोन्ही गालांचं चुंबन घेतलं. बोगुशने गाल पुढे केला. एक, आणि मग, न सांगता, दुसरा.

वार्श बाकावर मूठ आपटून बाहेर गेला. बोगुश उमराव ठरला. स्ताखना ओढणीत तोंड खुपसून रडली. आणि क्लेमेन्स दाराशी पोचायच्या आत यारांदने भर दालनात त्याच्या खांद्यावर हात ठेवून दोबेकच्या खुनाचा आरोप मांडला.

 क्लेमेन्स हसला. मोठ्याने नव्हे, पाहुण्यांना बरं वाटावं म्हणून हसतात तसा.

“कबूल,” तो म्हणाला. “उमरावाने उमराव मारला. कायदा काय तो सांगा.”

कायदा सगळ्यांना पाठ होता. उमरावाने उमराव मारला तर मेलेल्याच्या जवळच्या नातेवाइकाला भरपाई द्यायची आणि बुरुजाच्या तळघरात वर्षभर बसायचं. बसून बाहेर यायचं. उमराव नसलेल्याने कोणालाही मारलं तर मुंडकं. मेलेल्यावर फिर्याद होत नसली तरी खुनाच्या खटल्यात मयत कोण ते लिहावंच लागतं; म्हणजे दोबेक गिरणीवाल्याचा मुलगा आहे एवढं यारांदने म्हटलं असतं तर क्लेमेन्सचं उमरावपण तिथेच गळून पडलं असतं, त्याची शपथही, आणि शपथेबरोबर बोगुश. सगळं एकाच धाग्यात ओवलेलं. एक मणी ओढला की सगळे सांडणार.

मुख्य न्यायाधीशाने विचारलं, “मयताचा सर्वांत जवळचा नातेवाईक कोण?”

 मग बोगुश पुढे झाला. गालावर क्लेमेन्सच्या गुलाबपाण्याचा ओलावा अजून चकाकत होता.

“मी,” तो म्हणाला. “मला पैसे नकोत. नदीकाठचं कुरण हवं. मेंढ्यांसकट.”

क्लेमेन्सने मान डोलावली, जणू घोड्याचा सौदा पटला. स्ताखनाने डोळे पुसले आणि खालच्या आवाजात मुलाला म्हणाली, “पाणवठापण माग.”

“पाणवठाही,” बोगुश म्हणाला.

लेखनिकाने बोरू शाईत बुडवला आणि यारांदकडे पाहिलं. “मयत कोण म्हणून लिहू? तारनावाचा दोबेक, कूळ झिमोरोद, जन्माने उमराव?”

सगळे यारांदकडे पाहत होते. क्लेमेन्स, फादर, स्ताखना, बोगुश. एका चेहऱ्याचं दुसऱ्याशी काही नातं नव्हतं, आणि तरी त्या घटकेला ते सगळे एकाच घराण्यातले दिसत होते. त्याच्या तोंडाला आंबट पाणी सुटलं. ते त्याने गिळलं.

“लिही,” तो म्हणाला.

तारनावा गाव पहिल्यांदा ज्याला इनाम मिळालं तो झिमोरोदांचा मूळपुरुष राजाच्या शिकारी कुत्र्यांना खायला घालणारा नोकर होता.